हवेच्या गादीचा घरगुती व्यवहार

९ मार्च

श्री. गादीवाले यांस,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला 'सप्रेम' लिहायची हाताला सवय आहे, पण ते लिहवलं नाही. आपण खुशाल असाल. आम्ही आहोत तसे आहोत.

माझा नंबर तुम्ही बंद करून टाकलात. शेजारच्यांच्या फोनवरून केला, तर माझं "हॅलो" ऐकताच ठेवून दिलात. म्हणून हे कागदावर. पोस्टमन काही माणूस बघून पत्र अडवत नाही, आणि टेम्पोवाल्यासाठी तुम्हीच दिलेला पत्ता माझ्याकडे आहे. मी कोण ते कळलं असेलच. कळलं नसेल, म्हणजे माझ्यासारखे आणखी कोणी असतील, तर सांगते. जिच्या नवऱ्याच्या कमरेखालचं सगळं गेलंय आणि जिने तुमच्याकडून हवेची गादी विकत घेतली, ती. कपड्यांना काज-बटण करणारी.

फोनवर किती गोड बोलला होतात हो तुम्ही! "वहिनी, आईसाठी घेतली होती, आता लागणार नाही. पंपसुद्धा नव्यासारखा आहे." आई बऱ्या झाल्या का, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "आता लागणार नाही, एवढंच." मला वाटलं, गेल्या असतील बिचाऱ्या. पुढे विचारायला जीभ रेटली नाही.

मग फोनमधल्या ॲपवरून पैसे पाठवायची गोष्ट निघाली. "'खरेदी'वर टाकू नका, वहिनी. कंपनी मधल्या मध्ये कमिशन कापते, आणि वस्तू पोचल्याशिवाय मला पैसे सोडत नाही. खाली 'घरच्यांना' असं बटण आहे, त्यावर टाका. तुमचेही वाचतील, माझेही." दात कोरून पोट भरत नाही हे मला कळतं. पण गरजवंताला अक्कल नसते, हेही खोटं नाही. बटण दाबलं गेलं, पैसे गेले. माझ्या एका हंगामाच्या काजांचे पैसे होते ते. एकेका शर्टाला सात काजं, कॉलरचं आडवं धरून. तुम्हाला त्याचं काय म्हणा.

गादी येईना, तेव्हा कंपनीला फोन लावला. वाट बघायला लावणारं ते गाणं ऐकून ऐकून कान किटले, मग एक मुलगी आली. बोलायला फार नम्र.

"मॅडम, हा घरगुती व्यवहार आहे. घरगुती व्यवहारात वस्तू नसते. त्यामुळे वस्तू आली नाही अशी तक्रार त्यात घेता येत नाही."

"अहो, पण गादी आहे ना! फोटो आहे माझ्याकडे."

"फोटो असेल मॅडम. व्यवहारात नाहीये."

"मग माझे पैसे गेले कुठे?"

"तुमच्या घरच्या व्यक्तीला मिळाले."

"ते माझ्या घरचे कोणी नाहीत."

"मग 'घरच्यांना' असं का निवडलंत?"

"त्यांनी सांगितलं म्हणून. कमिशन वाचावं म्हणून."

"ते नियमात बसत नाही, मॅडम," ती म्हणाली. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. पण पोरगी वाईट नव्हती. आवाज खाली आणून म्हणाली, "काकू, खरेदीवर टाकले असते तर पैसे आमच्याकडे राहिले असते. गादी आली नाही म्हटल्यावर आम्ही ते परत केले असते. कमिशन घेतो ते त्याचंच घेतो. आता ज्यांना मिळाले त्यांनी स्वतःहून परत केले तरच." इतकी वर्षं दुकानदारांशी घासाघीस केली, पण कमिशन हे माझ्याच राखणीचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तर असं आहे. कंपनीच्या दप्तरी तुम्ही आमच्या घरचे झालात. घरच्यांना घरचं कळवायला हवं, म्हणून कळवते.

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करायचे. लिफ्टच्या बोगद्यात पडले. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं आणि हात झटकले. आता पलंग, उशी आणि मी. माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीची कातडी सडते. बेडसोर म्हणतात. माकडहाडाशी एक जखम आहे. गेल्या महिन्यात ती बटणाएवढी होती, आता शर्टाच्या खिशाएवढी झाली आहे. सिस्टर आठवड्यातून एकदा येते. ती म्हणाली, "ताई, हवेची गादी आणाच. तुमचे हात किती पुरणार?" मी दिवसा कारखान्यात असते तेव्हा समोरच्या आजी येऊन बसतात, पण त्यांना ह्यांचं वजन पेलत नाही. म्हणून गादी. हौसेने नाही घेतली.

ह्यांचं बाकी ठीक आहे. गमतीत म्हणतात, "जन्मभर लोकांना वर पोचवलं, आता माझी पाळी." हल्ली तर कुरकुरही करत नाहीत.

शेवटचं. गादी तुमच्याकडे आहे, हे मला माहीत आहे. टेम्पोवाल्याने तुमची बेल वाजवली, तेव्हा तुम्ही दार न उघडता आतून "चुकीचं घर आहे" म्हणालात. पण त्याने आतून पंपाची घुरघूर ऐकली. त्याच्या सासऱ्यांकडे तशीच गादी होती, आवाज त्याच्या ओळखीचा आहे. जिच्यावर कोणी निजत नाही ती गादी चालू कशाला ठेवलीत? की माझ्या पैशांच्या गादीवर तुम्हीच लोळताय?

पैसे परत केलेत तर बरंच. पण मला पैशांपेक्षा गादी हवी आहे. जखम हाडापर्यंत जायच्या आत हवी आहे. मी टेम्पो पुन्हा पाठवते. या वेळी घर चुकलेलं नसावं.

कागदोपत्री तुमच्या घरची,
काज-बटणवाली


४ एप्रिल

गादीवाले भाऊ,

नमस्कार. तुमचं पत्र आलं. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. टेम्पो मी पाठवला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

तुम्ही लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा खोटं शोधत वाचलं. सापडलं नाही.

म्हणजे आई गेल्या नव्हत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता फार तर चार दिवस. तुम्हाला प्राणवायूच्या नळकांड्याचे पैसे भरायचे होते, हातात काही नव्हतं. म्हणून आईच्या अंगाखालची गादी आई असतानाच विकलीत. चार दिवसांनी मोकळी होईल, मग देऊ, असा हिशोब केलात. आणि त्यांनी डोळे उघडून चहा मागितला. टेम्पोवाला आला तेव्हा तुम्ही कपबशी घेऊन त्यांच्याजवळ बसला होता. पैसे नळकांड्यात गेले होते, गादी आईखाली होती. दार उघडून सांगायचं तरी काय, म्हणून "चुकीचं घर".

तुम्ही लिहिता, "मी चोर नाही." बरं, नसाल. पण चोराने माझं जे केलं असतं, त्याहून तुम्ही काही कमी केलं नाहीत. एक फोन करायचा होता. "वहिनी, आई अजून आहे, गादी देता येत नाही," एवढंच. मी शिव्या दिल्या असत्या आणि दुसरीकडे हातपाय हलवले असते. सिस्टर कुठूनतरी भाड्याने मिळवून देणार होती. मी म्हटलं, "नको, आमची येतेय, पैसे भरलेत." हे लिहिताना अजून माझं पेन कागद फाडतं. रागाने.

आणि आता एक वाईट गोष्ट लिहिते. तुमची आई जिवंत आहे हे वाचून मला आनंद झाला नाही. राग आला. कुठल्या कोण एका बाईने चहा मागितला आणि माझ्या छातीत कळ आली. त्या दिवशी मशीनवर बसले तर एका सबंध गठ्ठ्याची काजं तिरकी पडली. मुकादमीण म्हणाली, "अगं, डोळे कुठे आहेत तुझे?" मी कधी कोणाच्या मरणावर टपले नव्हते. तुमच्यामुळे तेही झालं.

तुम्ही म्हणता, आईला खाली सतरंजीवर घेतो आणि गादी पाठवतो. मुळीच पाठवायची नाही. तुम्ही काढाल आणि मी घेईन, अशी बाई मी नाही. आता नीट वाचा. गादीवर जाड चादर घालू नका, हवेचा उपयोग होत नाही. चादरीला सुरकुती राहू देऊ नका. टाचा उशीवर घेऊन अधांतरी ठेवा. गादी असली तरी कुशीवर वळवायचंच, गादी म्हणजे सुट्टी नव्हे. आणि रोज पाठ उघडून बघा, उजेडात. आई "काही दुखत नाही" म्हणाल्या तरी बघा. आजारी माणसं खरं सांगत नाहीत. त्यांना वाटतं, आधीच हिच्या डोक्याला काय कमी आहे! लाल डाग दिसला आणि बोटाने दाबून पांढरा झाला नाही, तर त्याच दिवशी सिस्टरला बोलवा.

तुम्ही दादा कसे आहेत विचारलंत. ह्यांना आता त्रास नाही. ड्रेसिंग करावं लागत नाही. मी पुन्हा पूर्ण पाळी कामाला जाते.

पोलिसांत जाऊ नका असं लिहिलंत. गेले नाही. तिथेही पहिला प्रश्न हाच येणार, की घरचे म्हणून पाठवले होते ना? पैशांचं नंतर बघू. आईंना जपा.

काज-बटणवाली


१७ मे

गादीवाले भाऊ,

नमस्कार. आई गेल्याचं कळलं. वाईट वाटलं. हे वरवरचं लिहीत नाही. महिनाभर मी त्यांच्या पाठीचा विचार करत होते. एका माणसाचा इतका विचार केला की ते माणूस परकं राहत नाही.

तुम्ही लिहिलंत, "गादी स्वच्छ धुऊन, पुसून ठेवली आहे. कधीही टेम्पो पाठवा, भाडं मी देतो. पैसेही थोडे थोडे करून परत करतो. दादांची जखम भरली हे वाचून देवाचे आभार मानले, तरी गादी असलेली बरी." बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण तोंडावर आली होती. पण आपल्या माणसाला बैल म्हणवेना, म्हणून गिळली.

भाऊ, जखम भरली असं मी लिहिलं नव्हतं. ड्रेसिंग करावं लागत नाही, असं लिहिलं होतं. हे एकवीस मार्चला गेले.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा घर रिकामं झालं होतं. पाकीट मी ह्यांच्याच पलंगावर बसून फोडलं. त्यात तुम्ही लिहिलं होतं, "दादांना नमस्कार सांगा." तरी मी तुम्हाला सांगितलं नाही. का, ते मलाही आधी कळत नव्हतं. आता थोडं कळतं. ज्या दिवशी मी म्हणेन "गादी नको, पैसे द्या," त्या दिवशी ह्यांचा विषय संपला, उरला नुसता पैशांचा. तुमच्यापुरते तरी हे जिवंत होते. कोणीतरी ह्यांची पाठ कशी आहे म्हणून विचारत होतं. इथे सगळे आता मलाच विचारतात, "तू कशी आहेस?" मला माझं विचारलेलं नको आहे.

आणि दुसरं कारण म्हणजे तुम्हाला टोचत राहावं. तेही खरं आहे, लपवत नाही.

आता जे कोणालाच सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. माझ्या नणंदेला नाही सांगितलं, सिस्टरला नाही. तुम्ही ऐकून घ्या. तुम्हाला ऐकावंच लागेल.

ते बटण मी दाबलं नव्हतं. ह्यांनी दाबलं. पाय गेल्यावर फोन हेच त्यांचं काम उरलं होतं, वीजबिल, पाणी, सगळं तेच भरायचे. मी म्हणत होते, कमिशन जाऊ दे, खरेदीवरच टाका, मला ह्या माणसाचं बोलणं ठीक वाटत नाही. हे म्हणाले, "अगं, आईची गादी विकतोय तो. कुठल्या मनाने विकत असेल! त्याच्यापुढे काय दुकानदारी करायची? टाकूया घरचा म्हणून." आणि टाकले. ह्यांचं हे असंच. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी बाहेरून गप्पा मारत काम करायचे, त्यांना भीती वाटू नये म्हणून. कोणीही ह्यांना दोन मिनिटांत घरचं वाटायचं.

कंपनीच्या त्या मुलीशी बोलून मी फोन ठेवला आणि वळून ह्यांना बोलले. काय बोलले ते शब्दाला शब्द लिहिते. "स्वतःला कुशीवर वळता येत नाही आणि निघालेत जगाला घरचं म्हणायला. भोगा आता. माझे हात म्हणजे काही यंत्र नाही."

हे छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चुकलं माझं." एवढंच.

त्या दिवसापासून ह्यांनी दुखतंय असं एकदाही म्हटलं नाही. आधी म्हणायचे. "वळव गं जरा," "जळजळतंय गं." ते बंद झालं. मी विचारायची, "वळवू का?" तर म्हणायचे, "राहू दे, आत्ताच तर वळवलंस. तू काजं कर." मी घरी आणलेलं काम करत बसायची. मला वाटलं, बरं पडतंय. खरं सांगते, मला ते सोयीचंच होतं. मी थकले होते. तुम्हाला पहिल्या पत्रात मोठ्या तोऱ्यात लिहिलं ना, की हल्ली कुरकुर करत नाहीत? ते हेच.

आधी वास आला. मग सिस्टरने पट्टी काढली आणि ती खाली बसली. ती कधी बसत नाही. दवाखान्यात नेलं, पण विष रक्तात भिनलं होतं. शेवटी शेवटी शुद्ध नव्हती. एकदा मात्र डोळे उघडले आणि मला म्हणाले, "गादी आली का?" मी म्हटलं, "आली." म्हणाले, "बघ, म्हटलं होतं ना तुला, माणूस चांगला आहे."

मी हो म्हटलं, भाऊ.

आता व्यवहाराचं. पैसे नव्याने पाठवू नका. तुमच्या फोनमध्ये तो जुना व्यवहार उघडा, त्याच्याखाली 'परत करा' असं असतं, ते दाबा. थोडे थोडे जमत असेल तर तसे, तेही त्यातच होतं, मी त्या मुलीला विचारून घेतलंय. नव्याने पाठवलेत तर ती भेट म्हणून येईल. मला तुमच्याकडून भेट नको. माझेच मला परत हवेत.

गादी पाठवू नका. इथे ती ठेवायला जागा आहे, पण मला बघवणार नाही. कोणीतरी गरजू सापडेलच, त्याला विका. पैसे खरेदीवरच घ्या. कंपनी कमिशन कापेल ते कापू द्या. गादी पोचली नाही तर त्या माणसाला पैसे मागायची वाट राहील. आणि विकण्याआधी तिच्यावर कोणी निजलेलं नाही ना, ते बघा.

मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. पत्रातली भाषा मऊ झाली म्हणून तसं वाटेल, पण तसं नाही. मी मलाही केलेलं नाही. दोघांचं एकत्रच काय ते होईल, झालं तर.

एकच विचारायचं आहे, त्याचं उत्तर मात्र पाठवा. आईंची पाठ शेवटपर्यंत शाबूत राहिली का? त्या गादीवर त्यांना झोप लागत होती का? खरं असेल तेच लिहा. लागत असेल तर लागत होती असंच लिहा. मला ते वाचून त्रास होईल, पण लिहा.

वाट बघते.

त्या गादीची मालकीण